१९६१ चं घर : आईचा ओटा, पितळी तोट्या आणि साखळीची टाकी. काय ठेवावं, काय काढावं?

बोरीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

अमळनेरला आमचं घर आहे, आजोबांनी १९६१ साली बांधलेलं. आजोबा गावातल्या वनस्पती तुपाच्या कारखान्यात होते (हो, तोच, १९४५ चा, ज्याची पुढे संगणकवाली विप्रो झाली). आमच्या न्हाणीत अजूनही तुपाचा एक चौकोनी डबा पाणी तापवायला आहे, त्यावरून घराचं वय ओळखा. आई तिथेच राहते, वय ७४. मी पुण्यात.

गेल्या पावसाळ्यात न्हाणीच्या भिंतीला छातीएवढी ओल चढली. मिस्त्री म्हणाला, सगळं फोडा, छतापर्यंत मोठ्या टाइल्स मारा, ओट्यावर काळा ग्रॅनाइट टाका, वीस दिवसांत काम खल्लास. बायको म्हणते, अजिबात फोडायचं नाही, त्या काळाला शोभेल असंच करू. तिने ऑनलाइन ‘अँटिक’ नळ बघून ठेवलेत. आई म्हणते, “तुमले जे करनं शे ते करा, माले फक्त गरम पानी पाहिजे.”

आहे ते सांगतो. स्वयंपाकघरात कडप्प्याचा ओटा, मोजला तर २९ इंच उंच. खाली कडप्प्याचेच उभे कप्पे, वर जुनं धुराडं. सिंक नाही, कोपऱ्यात बसून भांडी घासायची मोरी. ओट्यामागे पांढऱ्या ६ बाय ६ इंची टाइल्सच्या तीन रांगा, केसासारख्या चिरा पडलेल्या. जमीन मोझॅक लाद्यांची, स्वयंपाकघरात हिरवट, बाकी घरात लालसर. न्हाणीत सिमेंटचा हौद, तांब्याचा बंब, दोन पितळी तोट्या. त्यातली एक मी चौथीत असल्यापासून ठिबकते आहे. संडास परसात: पांढरं भांडं, डोक्यावर बिडाची टाकी, साखळी तुटली म्हणून सुतळी बांधलेली.

यातलं काय वाचवण्यासारखं आहे?

निवृत्त_ओव्हरसियर

भुसावळचा. रेल्वेच्या क्वार्टरांची डागडुजी करण्यात सगळी नोकरी गेली, त्यामुळे बोलायचा हक्क आहे असं समजतो.

आधी तोट्या बघू नका, भिंत बघा. ओल म्हणजे आतला अर्धा इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप गेला. एक हातभर तुकडा कापून काढा आणि आत डोकावा. आपल्याकडच्या क्षाराच्या पाण्याने भोक पेन्सिलीएवढंसुद्धा उरलेलं नसतं. ते पाइप वाचवायच्या भानगडीत पडू नका.

तोट्या मात्र फेकल्या तर मी स्वतः अमळनेरला येऊन भांडेन. अर्धा इंची तोटीचा आटा तेव्हाही बीएसपी (ब्रिटिश मापाचा) होता, आजही तोच आहे. साठ वर्षांपूर्वीची तोटी आजच्या एल्बोत (पाइपाच्या काटकोनी जोडात) सरळ बसते. ठिबकणारी तोटी मेलेली नसते, तिचा वायसर गेलेला असतो. मेन बंद करा. पाना लावण्याआधी तोटीवर कापड गुंडाळा, नाहीतर पितळेला दात उठतात. वरची टोपी डावीकडे फिरवली की दांडा आख्खा बाहेर येतो. त्याच्या टोकाला चामड्याची किंवा रबराची चकती असते, ती बदला. आता आत बोट घाला. जिथे चकती टेकते ती कडा गुळगुळीत लागली तर काम झालं. खरखरीत लागली, बारीक चर लागला, तर नवा वायसरही महिन्यात फाटेल. तेवढी कडा घासून घ्यावी लागते. दांड्याच्या मानेतून पाणी येत असेल तर तिथे सुताचा दोरा ग्रीसमध्ये बुडवून चार वेढे द्या आणि टोपी आवळा. अर्ध्या तासाचं काम.

गुळाचा_चहा

चौथीपासून ठिबकतेय आणि अजून वायसर नाही बदलला? धागा इथेच बंद करा राव.

बोरीकाठ (धागाकर्ता)

मान्य. पण त्या ठिबकण्यानेच रात्री झोप लागायची हो.

सातपुडा_सावली

वास्तुरचनाकार आहे, मूळ चोपड्याची, सध्या नाशिक.

‘त्या काळाला शोभेल’ म्हणजे काय ते आधी ठरवा, कारण बाजारात या नावाखाली विकतात ते बहुतेक विलायती नाटकाच्या नेपथ्यासारखं असतं: वळणदार मानेचे नळ, चिनी मातीच्या मुठी. १९६१ च्या अमळनेरात यातलं काही नव्हतं. १९५७-५८ मध्ये परकीय चलनाची चणचण झाली आणि आयात आवळली गेली. त्याच सुमारास आपल्याकडे माल बनायला लागला. जॉन्सनच्या टाइल्स १९५८ पासूनच्या, हिंदुस्थान ट्वायफर्ड्स (आताचं हिंदवेअर) १९६० ची, एस्कोचे नळही १९६० पासूनचे, तेच पुढे जॅग्वार झाले. तालुक्याच्या गावी साधं पितळ, बीड, कडप्पा, शहाबादी आणि मोझॅक. तुमच्या घरात नेमकं तेच आहे. विकत काय घ्यायचं असा प्रश्न पडलाय तुम्हाला, मला तर घ्यायचं फारसं काही दिसतच नाही.

मोझॅकबद्दल. या लाद्यांना आपल्याकडे जुनी परंपरा आहे, मुंबईची भारत टाइल्स १९२२ ची. पांढऱ्या किंवा रंगीत सिमेंटमध्ये संगमरवराचे चिप्स घालून दाबलेली लादी, वरचा थर जाड असतो, म्हणून ती पुन्हा घासता येते. ६०, १२० आणि ३२० नंबरच्या दगडांनी पाणी टाकत तीनदा घासायची, शेवटी ऑक्झॅलिक अ‍ॅसिडची पॉलिश. दोन दिवस घरभर राखाडी चिखल होतो, आईंना तेवढे दिवस कुणाकडे तरी पाठवा. पण हिरवा रंग असा वर येतो की लादी नवी टाकली का असं लोक विचारतात.

फुटलेल्या लाद्यांच्या जागी नवी लादी मध्येच घालू नका, ठिगळ दिसतं. पलंगाखालच्या, कपाटाखालच्या लाद्या उचलून दर्शनी भागात आणा आणि नव्या तिकडे लपवा. ६ इंची पांढऱ्या टाइल्सचंही तेच. दारामागची रांग काढून ओट्यामागे लावा.

एक कळकळीची विनंती. संडास धुवायचं अ‍ॅसिड मोझॅकवर ओतू देऊ नका. संगमरवर, शहाबादी आणि तुमचा कडप्पा, तिन्ही चुन्याच्या जातीचे. लिंबू पिळलेलं ओट्यावर तसंच राहिलं तरी फिकट डाग पडतो.

निवृत्त_ओव्हरसियर

ताईंना पूर्ण अनुमोदन. एक भर घालतो. १९६१ मध्ये पाइप भिंतीत गाडत नसत, सहसा भिंतीवरून उघडे, लोखंडी क्लिपांनी नेत. गाडायची फॅशन नंतरची. तुमच्याकडे भिंतीत आहेत म्हणजे मागाहून कुणीतरी ‘सुधारणा’ केली आहे. आता नवे टाकताना परत उघडेच न्या. काळाला धरूनही होईल आणि गळलं तर दुसऱ्या दिवशी दिसेल. नजरेत येतात तेवढ्या चार-सहा फुटांत जीआय, बाकी सीपीव्हीसी (प्लास्टिकचा पाइप). पाइपांचे कारखाने असलेल्या जळगाव जिल्ह्यात राहून पाइपाला काय तोटा!

आणि वहिनींना सांगा, पाव फेऱ्यात उघडणारे सिरॅमिक चकतीचे नळ आपल्या पाण्याला टिकत नाहीत. तीन-चार दिवसांआड पाणी येतं, पहिल्या धारेला रेती येते, चकतीला ओरखडे पडतात. तोंडाला जाळी असलेले नळ क्षाराने बुजतात. जुन्या तोटीचं तोंड मोठं, आत रबर. दाब कमी असला तरी बादली भरते.

एदलाबादची_लेक

मुक्ताईनगर म्हणायची सवय अजून झालेली नाही, म्हणून हे नाव. सध्या न्यू जर्सीत.

आमचं इथलं घर १९५६ चं आहे, आणि इथे हा छंद म्हणजे एक पंथच आहे. गुलाबी टाइल्स, गुलाबी टब, गुलाबी कमोड. राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवरच्या बायकोचा आवडता रंग म्हणून ‘मेमी पिंक’. स्वयंपाकघरात पत्र्याची पांढरी कपाटं, फॉर्मायकाचे टॉप, त्यावर बूमरँगची नक्षी. लोक जुने कमोड गोदामातून शोधून आणतात. १९९२ च्या कायद्याने इथे नवे कमोड ६ लिटरचे झाले, जुने कितीतरी जास्त पाणी ओततात, पण रंग जुळायला हवा ना! मी हे सगळं तीन वर्षं केलं. मग मे महिन्यात माहेरी आले, आजीच्या न्हाणीत बसून घंगाळातलं पाणी तांब्याने अंगावर घेतलं, आणि जाणवलं की मी जीव टाकून जपतेय ते दुसऱ्याच कुणाच्या आजीचं घर.

सांगायचा मुद्दा, ते फोटो बघून अमळनेरात गुलाबी करू नका.

गल्ली_नंबर_पाच

धुळ्याची आहे. सगळे इतके भारावून बोलताय म्हणून थोडं पाणी ओतते.

काळाला शोभेल म्हणजे नक्की कुणाच्या काळाला? आमचं जुनं घर १९५४ चं. मागच्या बोळात जमिनीलगत एक लहान लोखंडी झडप होती. आतून टोपलीचा संडास, बाहेरून ती झडप उघडून कुणीतरी टोपली काढून डोक्यावरून न्यायचं. माझी आजी त्या बाईला वरून भाकरी टाकायची आणि त्याला दया म्हणायची. कायद्याने हे बंद व्हायला १९९३ उजाडलं, आणि २०१३ मध्ये पुन्हा नवा कायदा करावा लागला. तेव्हा जुन्या संडासाचं ‘कॅरेक्टर’ वगैरे कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं.

स्वयंपाकघराचंही तेच. त्या धुराड्याचा फोटो छान येईल. त्याखाली बसून फुंकणारीचे डोळे कसे होते ते आईंना विचारा.

बोरीकाठ (धागाकर्ता)

ताई, तुमचा प्रतिसाद वाचून काल आईला फोन केला.

आमच्या संडासाच्या मागच्या भिंतीत, खालच्या अंगाला, विटांनी बुजवलेली एक चौकोनी जागा आहे. साधारण दीड फुटाची. मला वाटायचं जुना झरोका असेल. खरं सांगतो, तो उघडून त्यात जाळी बसवायची, आत कुंडी ठेवायची, इथवर माझं ठरलं होतं. आई म्हणाली, “तो झरोका नाही. ७२ च्या दुष्काळानंतर सेप्टिक टँक झाली, तेव्हा अण्णांनी स्वतः उभं राहून बुजवलं.” मग थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, “शेवंता यायची.” (नाव मी बदललं आहे.) आजवर हे नाव आमच्या घरात मी ऐकलेलं नव्हतं.

विटा आहेत तशाच राहतील.

धुराड्याबद्दलही विचारलं. ती म्हणाली, धुराडं काढू नका, चिमण्या येतात.

खापरावरचे_मांडे

विषय जड झालाय, मी स्वयंपाकघरात येते.

ओटा २९ इंच का, याचा कुणी विचार केलाय का? इण्डेन गॅस देशात आला १९६५ ला, तोही आधी कलकत्त्यात. तुमच्या ओट्यावर रॉकेलचा पंपाचा स्टोव्ह होता. तो चांगला ८-९ इंच उंच. त्यावर पातेलं ठेवलं की बरोबर हाताशी. आता त्याच ओट्यावर गॅसची बसकी शेगडी आली, पातेलं चार बोटं खाली गेलं आणि बाईला वाकावं लागलं. माझ्या आईची कंबर अशीच गेली. ओटा फोडू नका. शेगडीखाली तेवढ्याच मापाचा कडप्प्याचा तुकडा विटेच्या थरावर बसवून घ्या, तीन-चार इंच. पोळ्या लाटायची बाजू खालीच राहू द्या, लाटायला खाली बरं पडतं, जोर लागतो.

आणि परसात एक चूल ठेवाच. मांडे गॅसवर होत नाहीत, खापर सगळीकडून सारखं तापावं लागतं. वांगी तर कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावरच भाजावी. गॅसवर भाजलेल्या वांग्याच्या भरताला आमच्याकडे भरीत म्हणत नाहीत.

गुळाचा_चहा

शेवटच्या वाक्याला हजार वेळा अनुमोदन.

तांबट_आळी

बंबाविषयी कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

बंब ठेवा, पण बंद न्हाणीत पेटवू नका. पूर्वी न्हाण्यांना वर उघडे झरोके असत. आता खिडक्यांना काचा, दाराला रबर. निखाऱ्याचा वायू दिसत नाही, वास येत नाही, माणूस आंघोळ करता करता बसल्या जागी जातो. बंब ओसरीवर किंवा परसात पेटवा, पाणी बादलीने आत न्या. हाच नियम गॅस गिझरला. काही लोक बंबात विजेची कॉइल सोडतात, ते तर अजिबात नको. सगळं भांडं तांब्याचं, हात लावला की संपलं.

तळ तपासायला बंब पाण्याने भरा, खाली राख पसरा आणि रात्रभर ठेवा. सकाळी राखेत जिथे काळा ठिपका, तिथे भोक. तांबटाकडून डाग मारून घ्या.

हौदाला झाकण करा. साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच डेंग्यूचा डास वाढतो. आठवड्यातून एकदा हौद रिकामा करून, घासून, कोरडा पडू द्या. आमच्या आज्या शनिवारी हौद धूत असत.

निवृत्त_ओव्हरसियर

साखळीच्या टाकीचं राहिलं.

आत घंटेच्या आकाराचं बिडाचं भांडं असतं. साखळी ओढली की घंटा उचलली जाते, सोडली की धपकन खाली बसते, पाणी मधल्या नळीत चढतं आणि सायफन सुरू होऊन १० लिटर पाणी एकदम खाली येतं. वायसर नाही, स्प्रिंग नाही. म्हणून ती गळत नाही आणि म्हणूनच आवाज करते. गंजाचे पापुद्रे वायर ब्रशने काढा, आतून काळा बिट्युमिनस रंग द्या, फ्लोट बदला. फक्त टाकी खाली आणू नका. त्या भांड्याला उंचीवरून पडणारा जोर लागतो. प्लास्टिकची बुटकी टाकी लावली की भांडं साफ होत नाही, आणि मग लोक भांड्याला नावं ठेवतात.

पण खरा प्रश्न आईंच्या गुडघ्यांचा आहे. ७४ व्या वर्षी परसात, पावसात, उकिडवं? रात्री?

सातपुडा_सावली

हेच लिहायला आले होते. घरात आतल्या बाजूला एक कमोड कराच. साधा, पांढरा. त्याला जुना दाखवायचा प्रयत्न करू नका. धरायला दांडा लावा, जमीन घसरती नको. आपल्याकडे ‘अँग्लो-इंडियन’ नावाचा एक प्रकार असतो, ज्यावर बसताही येतं आणि वर पाय ठेवून उकिडवंही. तो काळाला शोभतो म्हणून कुणीतरी सुचवेलच. वयस्कर माणसाला त्यावर चढायला लावू नका.

पितळी तोट्यांबद्दल एक इशारा. जुन्या पितळेत शिसं असतं. मोरीला, हौदाला, बागेला खुशाल लावा. पिण्याच्या पाण्याला नवा आयएसआय शिक्क्याचा नळ घ्या. अशा स्क्रूच्या नळांचं मानक आयएस ७८१, तो आकडा नळावर बघून घ्या.

पाडकामवाला_भाचा

तोट्या कमी पडल्या तर ऑनलाइन घेऊ नका. मी एकदा ‘अँटिक ब्रास’ म्हणून जोडी मागवली होती. दोन महिन्यांत रंग उडाला, आत राखाडी जस्ताचा ओतीव माल. चुंबक लावून पाहिलं होतं, चिकटलं नव्हतं, म्हणून फसलो. चुंबक फक्त लोखंड पकडतं, जस्त नाही. खरी खूण वजन. आणि आतल्या आट्याजवळ कानशीने एक बारीक ओरखडा काढला तर पिवळं दिसलं पाहिजे.

कुठे जुना वाडा पाडताहेत का ते बघा. पाडणारा माणूस पितळ भंगारात किलोवर घालतो. त्याच भावाने, वर चहाचे पैसे देऊन, त्याच्याकडूनच घ्यायचं. सोबत दांडे आणि टोप्याही मागून घ्या, नंतर एकेक सुटा भाग जुळवताना जीव जातो.

बोरीकाठ (धागाकर्ता)

चार महिन्यांनी लिहितोय. उशिराबद्दल माफी.

पाइप कापला. ओव्हरसियरकाका, पेन्सिल सोडा, काडेपेटीची काडी गेली असती. नवे पाइप उघडे टाकले. मिस्त्री दोन दिवस रुसून होता, “लोकं काय म्हनतीन” म्हणून. मोझॅक घासलं, हिरवा रंग वर आला तेव्हा आई म्हणाली, हा असा होता हे मी विसरूनच गेले होते. दोन लाद्या कपाटाखालून काढून उंबऱ्याशी बसवल्या.

ओटा तसाच, शेगडीखाली कडप्प्याचा चौथरा. मोरी ठेवली, शेजारी उभं सिंकही केलं. आई भांडी सिंकमध्ये घासते आणि मोरीत मेथी निवडत बसते. आत कमोड झाला, गिझर लागला. बंब परसात गेला. मे महिन्यात तर कशाचीच गरज नव्हती, गच्चीवरच्या टाकीचं पाणीच चटके देत होतं. साखळीची टाकी चालू झाली, तिचा आवाज ऐकून शेजारची पोरं मुद्दाम ओढायला येतात.

बायकोने मागवलेले नळ परत गेले. त्यावर इथे अधिक लिहिणार नाही.

एक तक्रार. ठिबकणाऱ्या तोटीचा वायसर मी स्वतः बदलला, कडा घासली, सुताचा दोरा भरला. आठ दिवस थेंब नाही. नवव्या दिवशी रात्री आईचा फोन, “अरे, झोप लागत नाही.” तिला वाटलं पाणीच गेलं. उठून दोनदा तोटी सोडून बघून आली म्हणे.

निवृत्त_ओव्हरसियर

पाव फेरा सैल सोडून या, आणि खाली तुपाचा डबा ठेवा.